तराजूसाहेबांनी नदी मोजली त्याची गोष्ट

या, अशा जवळ येऊन बसा. भिंतीला टेकलेल्यांनीही थोडं पुढे सरकावं, कारण ही गोष्ट ओरडून सांगायची नाही. हिच्यात राजा नाही, राक्षस नाही, कुणाचा रत्नजडित मुकुटही हरवलेला नाही. एक संगणकाचा पडदा आहे, दोन भाऊ आहेत आणि एक नदी आहे, आणि ती नदीसुद्धा खरी नाही. तरी शब्द देतो, हसाल. हसता हसता घशाशी काही आलं तर घोटभर पाणी प्या आणि पुढे ऐका.

या गोष्टीतला धाकटा भाऊ वजनमापे खात्यात निरीक्षक. सव्वीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. दुकानात शिरायचं, मखमली खणांच्या पेटीतून पितळी वजनं काढायची, पारड्यात ठेवायची, आणि दुकानदाराच्या तोंडाकडे न बघता काट्याकडे बघायचं. काटा मध्यावर आला की कागदावर शिक्का: दोष आढळला नाही. नाही आला की दुकानदाराचं तोंड बघण्यासारखं होई, पण ते तेव्हाही बघत नसत. घरीही तोच खाक्या. बायकोचा मापाचा पेला चार मिलीलिटरने कमी भरतो म्हणून त्यांनी तो एकदा तीन दिवस जप्त केला होता. चौथ्या दिवशी संध्याकाळचं जेवणच जप्त झालं, तेव्हा पेला सुटला. शेजारीपाजारी त्यांना तराजूसाहेब म्हणत. समोर साहेब लावत, मागे नुसतंच तराजू.

मोठा भाऊ, म्हणजे दादा, फेरीबोटीचा चालक. चौतीस वर्षं या काठाची माणसं त्या काठाला आणि त्या काठाची या काठाला. मग नदीवर पूल झाला, बोट वाळूवर ओढून ठेवली गेली, आणि पाठोपाठ दादांच्या गुडघ्यानेही राजीनामा दिला. घरात एकटे म्हणून धाकट्याने त्यांना आपल्याकडे आणलं. चार महिने दादा खिडकीजवळच्या खुर्चीत बसून होते. खिडकीतून दिसायची ती गल्ली. तिच्यात पाणी म्हणाल तर कुणी गाडी धुतली तर तेवढंच. वाढलेलं जेवायचे, ठीक आहे म्हणायचे, पुन्हा खुर्चीत.

एके दिवशी फोनवर दादा आपल्या मुलीला म्हणाले, "येतो मी तुझ्याकडे. इथे कुणाशी वाकडं नाही गं. पण माझं इथे काही कामच नाही." मुलगी म्हणाली, पुढच्या आठवड्यातल्या रविवारी न्यायला येते. तिचं गाव डोंगरात, दोन दिवसांच्या वाटेवर. एकदा गेले की येणं-जाणं संपल्यातच जमा.

स्वयंपाकघराच्या दाराआडून तराजूसाहेबांनी हे ऐकलं. लहानपणी याच दादाने त्यांना खांद्यावर बसवून नदीपार शाळेत नेलं होतं. आता पुढे होऊन "दादा, राहा ना" एवढे तीन शब्द बोलायचे. पण माणसाच्या जिभेला देवाने काटा बसवलेला नाही. किती भरलंय ते बाहेरून दिसत नाही. साहेब तीन शब्द बोलले नाहीत. त्याऐवजी त्यांनी कचेरीतल्या टंकलेखिकेच्या सल्ल्याने संगणकावरचा एक खेळ आणला.

खेळ फेरीबोटीचाच होता. नदी, दोन जेट्या, घंटा, धुकं, आणि चढणारी उतरणारी माणसं. सोबत टेबलाला आवळून बसवायचं चाक. पहिल्या संध्याकाळी खेळ लावला, तेव्हा दादा कुणी न बोलावता खुर्चीतून उठले आणि मागे येऊन उभे राहिले. चार महिन्यांत पहिल्यांदा. मग पडद्याकडे बघून म्हणाले, "नदी मधोमध फाटली आहे रे," आणि परत जाऊन बसले.

खरंच फाटली होती. बोट वळली की चित्राचा वरचा अर्धा भाग पुढे जाई आणि खालचा मागे राही, शिवण चुकलेल्या सदऱ्यासारखा. पण साहेबांच्या डोळ्यांपुढे नदी नव्हती, ती रिकामी झालेली खुर्ची होती. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, त्यांनी आठवड्याची रजा टाकली आणि संगणकाच्या दुकानात गेले.

दुकानदाराने त्यांना समजावलं. जुना पडदा सेकंदाला साठ वेळा चित्र काढतो, स्वतःच्या घड्याळाने. खेळाकडून चित्रं येतात ती कधी पन्नास, कधी सत्तर. दोघांचा मेळ बसला नाही की नदी फाटते. हा नवा पडदा मात्र खेळाकडे बघून चालतो. चित्र आलं की दाखवायचं, नाही आलं तर वाट बघायची. याचा रिफ्रेश रेट व्हेरिएबल आहे.

"म्हणजे बदलता?" साहेबांनी विचारलं.

"हो ना साहेब, तीच तर गंमत आहे."

साहेबांना गंमत वाटली नाही. सव्वीस वर्षांत ज्याचं माप बदलतं अशी प्रत्येक वस्तू त्यांनी उचलून गाडीत टाकली होती. आज पहिल्यांदा अशी वस्तू ते पैसे देऊन गाडीत टाकत होते. वाटेत त्यांनी मनाशी ठरवलं: बदलू दे, पण किती बदलतो ते मला कळलं पाहिजे.

म्हणून पडदा जोडल्यावर दादांना हाक मारण्याआधी त्यांनी मोजमापाची एक आयती यंत्रणा संगणकात घातली. तिच्यात काय काय मोजायचं त्याची यादी होती, आणि प्रत्येकापुढे बरोबरची खूण करायची चौकट. सेकंदाला किती चित्रं, आतला पंखा किती फिरतो, वीज किती लागते, कुठला भाग किती तापला. साधा माणूस एखाददुसरी खूण करतो. साहेबांनी तेवीस केल्या, कारण यादीत तेवीसच होत्या. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात हिरव्या आकड्यांची उतरंड उभी राहिली. ती पाहून त्यांना प्रसन्न वाटलं. मग दादांना बोलावलं.

नदी आता फाटत नव्हती. दादांनी चाकावर हात ठेवला, बोट काठापासून सोडवली, आणि वीसेक हातांवर गेल्यावर हात उचलला.

"ही दचकते."

साहेबांनी वाकून पाहिलं. बोट सरळ जात होती, जात होती, आणि मधेच कुणी शेपूट ओढावं तशी क्षणभर अडत होती. पुन्हा जात होती, पुन्हा अडत होती.

"पाण्याचं दचकणं असं नसतं," दादा म्हणाले. "पाणी न सांगता दचकवतं. ही सांगून सांगून दचकते. माझं डोकं गरगरतंय." आणि खुर्ची.

तराजूसाहेबांनी नवी वही काढली. पहिल्या पानावर लिहिलं: पडदा, बदलत्या मापाचा. वर्तन संशयास्पद.

मंगळवारी त्यांनी पडद्याचं ते बदलणं बंदच करून टाकलं आणि त्याला साठाच्या खुंटीला बांधलं. नदी लगेच फाटली, आणि अडखळणंही गेलं नाही; म्हणजे आधी एक दुखणं होतं, आता दोन झाली. पुन्हा सोडला. खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर, ज्यांना आयुष्यात कुठल्याही विषयावर "मला ठाऊक नाही" असं म्हणावं लागलं नव्हतं, ते वर येऊन म्हणाले, दोष चित्र काढणाऱ्या आतल्या प्रणालीत आहे. ती मुळासकट उपटून नवी लावा. साहेबांनी उपटली. पडद्यावर अक्षरं एवढी मोठी झाली की पूर्ण शब्द मावेना. पुढे काय करायचं ते सांगणारी सूचना अर्धीच दिसत होती, आणि तिची दिसणारी अर्धी बाजू म्हणत होती "पुढे जाऊ". जा की नको, ते पलीकडच्या अर्ध्यात होतं. साहेब गेले पुढे. चार तास गेले तेव्हा कुठे सगळं पूर्ववत झालं, अडखळण्यासकट पूर्ववत.

मग तक्रार नोंदवायला घेतली. अर्जात तक्रारीचे प्रकार दिले होते: पडदा फुटला, पडदा काळा, रंग गेले, आवाज येत नाही, इतर. पडदा अडखळतो असा प्रकार नव्हता. साहेबांनी "इतर" निवडलं. अर्ज म्हणाला, कृपया योग्य प्रकार निवडा. त्यांच्या स्वतःच्या खात्याच्या अर्जातही असाच "इतर"चा रकाना होता, आणि तो भरलेला अर्ज पुढे सरकल्याचं त्यांच्या पाहण्यात नव्हतं. पण आपण खिडकीच्या आत बसणं वेगळं आणि बाहेर उभं राहणं वेगळं, हे शहाणपण देव त्या त्या खिडकीशी नेऊनच देतो.

बुधवारी पडदा चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन, रिक्षाने सेवा केंद्रात. तिथल्या तंत्रज्ञाने तो आपल्या संगणकाला जोडला आणि तोच बोटीचा खेळ लावला. बोट लोण्यातून सुरी जावी तशी गेली. एकदा, दोनदा, दहादा. साहेब म्हणाले, थोडा वेळ थांबा, आता अडखळेल. तंत्रज्ञ थांबला. रांगेतले लोकही थांबले. एक आजोबा तर बोट बघत बघत आपला नंबर विसरले. अडखळण्याचं नाव नाही. शेवटी तंत्रज्ञाने कागद ओढला, शिक्का उचलला आणि दाबला: दोष आढळला नाही.

साहेब त्या शिक्क्याकडे बघत राहिले. हे तीन शब्द त्यांनी हजारो लोकांना दिले होते. घेतले कधीच नव्हते. घेताना ते इतके कोरडे लागतात याची त्यांना कल्पना नव्हती.

मास्तरांनी कागद वाचून निदान केलं: पडदा निर्दोष, म्हणजे दोष घराच्या विजेत. फ्रिज एकीकडून ओढतो आणि बोट दुसरीकडून. गुरुवारी फ्रिज बंद झाला. बायकोने आतलं दूध, भाज्या, आणि नवऱ्याबद्दल जे काही मनात होतं ते सगळं बाहेर काढलं. दूध शेजारी वाटलं. बोट दचकतच होती. मग संगणकाला वेगळी वायर टाकायची म्हणून इलेक्ट्रिशियन आला. त्याने भिंतीला कान लावला, बोटाने टकटक केली, इथून पाइप जात नाही असं छातीवर हात ठेवून सांगितलं, आणि नेमकं पाइपात भोक पाडलं.

पाणी इतक्या जोरात आलं की दादा उठून उभे राहिले. घरात एवढं पाणी त्यांनी चार महिन्यांत पाहिलं नव्हतं. गुडघ्याचं दुखणं विसरून त्यांनी साहेबांना मुख्य तोटी बंद करायला पिटाळलं, भावजयीकडे चादरी मागितल्या, इलेक्ट्रिशियनला अंगठा भोकात घालून उभं केलं, आणि पाच मिनिटांत सगळं आटोक्यात आणलं. तोवर मास्तर भिजलेलं वर्तमानपत्र हातात घेऊन वर आले होते. त्यांच्या छतातून पाणी बातम्यांवर पडत होतं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की विजेचा सल्ला त्यांचा, पण भोकाचा नव्हे.

शुक्रवार प्लंबरचा. शनिवार गवंड्याचा. नदी वाहती करायला निघालेल्या घरात हात धुवायला पाणी नव्हतं. बायको म्हणाली, "अहो, एक विचारू? दादांना राहा म्हणून सांगायला एवढा पसारा लागतो का?" साहेबांनी वहीत डोकं घातलं.

शनिवारी दुपारी वरच्या मजल्यावरच्या गाणं शिकवणाऱ्या बाई पाणी मागायला आल्या, कारण मुख्य तोटी त्यांचीही तीच होती. पडदा पाहून त्यांनी विचारलं, हा बदलता म्हणजे काय? साहेबांनी सांगितलं, अगदी फिर्याद सांगावी तसं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, यात वाईट काय आहे? गाणाऱ्याचा दम एखादे वेळी लांबतो. अडाणी साथीदार आपलं माप धरून पुढे वाजवत जातो, आणि गाण्याचं मातेरं होतं. चांगला साथीदार गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. तो थांबला की हा थांबतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, दोघं मिळून एकच माणूस आहे. तुमचा पडदा गुणी आहे, साहेब. उगीच त्याच्या मागे लागलात.

साहेबांना हे पटलं, आणि पटल्यामुळे जास्तच वाईट वाटलं. पाच दिवस ते एका गुणी साथीदाराचा जबाब घेत होते. पण मग अडखळतं कोण? आतल्या खोलीत दादा कपड्यांच्या घड्या घालत होते.

रविवारी सकाळी बॅग दाराशी आली. मुलगी अकरापर्यंत पोचणार होती. साडेदहाला साहेबांनी कंपनीच्या मदतीच्या नंबरवर सातव्यांदा फोन लावला. सहा वेळा त्यांना सांगण्यात आलं होतं की वायर काढून पुन्हा लावा. सातव्यांदा एका बाईचा आवाज आला. थकलेला, पण ऐकणारा. साहेबांनी वही वाचायला सुरुवात केली. तिने आठ मिनिटं ऐकलं, आणि मग विचारलं, "किती किती वेळाने अडखळतं?"

"बरोबर एका सेकंदाने. घड्याळ लावून मोजलंय."

"पडद्याच्या कोपऱ्यात काही आकडे दिसतात का, साहेब?"

"तेवीस," साहेब म्हणाले. आवाजात थोडा अभिमान आलाच.

"ते आकडे किती वेळाने बदलतात?"

"दर सेकं..." आणि साहेब थांबले.

पलीकडची बाई घाई करत नव्हती. शांतपणे म्हणाली, "त्या प्रत्येक आकड्यासाठी कुणीतरी आत जाऊन विचारतं, साहेब. पंखा किती, ताप किती, वीज किती. एखाददुसरा प्रश्न असा असतो की उत्तर देताना त्या बिचाऱ्याचा हात थांबतो. दुकानात दर सेकंदाला तपासणीला माणूस आला, तर दुकानदाराने विकायचं कधी?"

तिला साहेबांचा हुद्दा ठाऊक नव्हता, हे शपथेवर सांगतो. पण सव्वीस वर्षांचे सगळे दुकानदार त्या एका वाक्यात ओळीने उभे राहिले, आणि साहेबांनी पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

फोन टेबलावर ठेवून त्यांनी यादी उघडली. पहिली खूण पुसली, दुसरी पुसली. त्यांचं बोट विजेच्या आकड्यापाशी थोडं थबकलं. तीही पुसली. तेवीस पुसल्या. कोपरा मोकळा झाला, आणि तिथे इतके दिवस हिरव्या आकड्यांखाली झाकलेलं एक झाड दिसलं, काठावर वाकलेलं. ते तिथे होतं हे साहेबांना माहीतच नव्हतं.

नदी वाहत होती. किती वेगाने, सेकंदाला किती चित्रांनी, देव जाणे.

"दादा," साहेबांनी हाक मारली. "एकदा बघता का?"

दादा जायचे कपडे घालून तयार होते. नाइलाजाने आले, बसले, चाकावर हात ठेवला. बोट काठापासून सुटली. दहा हात, वीस हात, पन्नास. दादांचा डावा खांदा किंचित खाली झाला, अंगठा चाकाच्या आतल्या बाजूला गेला. चौतीस वर्षं तो तिथेच असायचा. त्यांनी घंटा दिली. धुक्यात शिरताना वेग कमी केला, कुणी न सांगता. साहेब मागे उभे होते, आणि फोनमधून बारीक आवाज येत होता, "साहेब, चालली का बोट? साहेब?" पण साहेबांना तो ऐकू येत नव्हता. थोड्या वेळाने तो बंद झाला.

अकराला मुलगी आली. दार उघडंच होतं. तिने काकांना, काकूला नमस्कार केला आणि म्हणाली, "बाबा, निघायचं ना? खाली गाडी थांबलीये."

दादांनी मान वळवली नाही. "बस जरा. माणसं चढलीत. त्यांना मधे सोडून उठता येत नाही."

ती बॅगेवर बसली. काकूने तिला पाणी दिलं. तोटीला नुकतंच आलं होतं. बोट पलीकडे लागली. माणसं उतरली, आणि जेटीवर ताटकळलेली दुसरी चढायला लागली. दादा त्यांच्याकडे बघत राहिले. मुलगी बापाकडे बघत राहिली. बोलायचं तर आताच, हे साहेबांना कळलं. वही हातात नव्हती, काटा समोर नव्हता.

"दादा," ते म्हणाले, "राहा ना."

दादांनी पुढच्या फेरीची घंटा दिली. "ह्या सगळ्यांना पलीकडे सोडायचंय अजून," ते म्हणाले. "आज काही जमायचं नाही." मग मुलीला म्हणाले, "तू राहा दोन दिवस. गाडीवाल्याला सांग, जा म्हणावं."

मुलीने डोळे पुसले आणि हसली, आणि बॅग दारापासून उचलून आत नेली.

गोष्ट इथे संपायला हरकत नाही, पण साहेबांची संपली नाही. दुपारी जेवण झाल्यावर त्यांना फोनची आठवण झाली. त्यांनी पुन्हा नंबर लावला. वेगळा आवाज आला. पुन्हा लावला, आणखी वेगळा. सकाळी साडेदहाला कोण बाई होत्या ते सांगता येणार नाही, नियम नाही. आभाराचा अर्ज भरू म्हणाले, तर अर्जात तो प्रकार नव्हता. संध्याकाळी त्यांना निरोप आला की ग्राहकाने प्रतिसाद न दिल्यामुळे तक्रार बंद करण्यात आली आहे.

म्हणजे तिला कळलंच नाही. आठ मिनिटं वही ऐकली, चार प्रश्न विचारले, एका घरातला मोठा भाऊ दारातून मागे फिरवला, आणि तिच्या लेखी तो सातव्यांदा फोन करून मधेच गप्प झालेला एक तऱ्हेवाईक माणूस राहिला. लगेच तिला पुढचा फोन घ्यावा लागला असेल. नाव ना तिचं साहेबांना माहीत, ना मला.

तेव्हा तुमच्याजवळ मागणं एवढंच. आज दिवा लावून हात जोडाल, घरच्यांची नावं घ्याल, तेव्हा शेवटी क्षणभर थांबा, आणि त्या नाव नसलेल्या बाईची आठवण करा. तिला सांगा, बोट पोचली.